कोकणात दरीतल्या घरी फोनवर एकच कांडी येते. घरून काम करण्यापुरतं नेट कसं मिळेल?

आधी केबलवाल्याकडे आणि ग्रामपंचायतीत फायबरची चौकशी करा. ते नसेल तर छपराच्या वर बसणारा, सिम घालायचा ४जी आउटडोअर राउटर घ्या, मोबाइलचा सिग्नल वाढवणारा बूस्टर नको (विनापरवाना बूस्टर बाळगणं भारतात बेकायदा आहे, शिवाय शेजाऱ्यांचंही नेटवर्क बिघडतं).

जांभ्याच्या भिंती आणि पत्रा सिग्नल खातात, म्हणून राउटर घराबाहेरच हवा. या राउटरमधून घरात फक्त लॅन केबल येते, वीजही त्याच केबलमधून वर जाते, आणि १०० मीटरपर्यंत वेग घटत नाही. घरातल्या राउटरला लांब वायरीने अँटेना जोडला तर वर मिळालेला सिग्नल वायरीतच जिरतो. स्वस्त पातळ वायर तर घेऊच नका.

खरेदीआधी दोन-तीन कंपन्यांची सिमं फोनमध्ये घालून छपरावर जा. सेटिंग्जमधल्या सिम स्टेटसमध्ये सिग्नलचा आकडा दिसतो: उणे १०० किंवा त्याहून चांगला (म्हणजे उणे ९५, उणे ९०) असेल तर काम होईल, उणे ११५ च्या खाली असेल तर त्या कंपनीचा नाद सोडा. कांड्यांवर विश्वास नको. मग स्पीड टेस्ट रात्री नऊच्या सुमारास करा, कारण टॉवरवर गर्दी असेल तर सिग्नल उत्तम असूनही नेट रखडतं, आणि त्यावर कुठलाही अँटेना उपाय नाही. वीज गेल्यावर राउटर चालू राहायला छोटा यूपीएस लावा. आणि विजा कडाडायला लागण्याआधीच लॅन केबल उपसून ठेवा.