आजीची पट्टी

प्रिय बाळ,
सप्रेम सलाम.

तुझं पत्र आणि सोबतचा मसुदा मिळाला. आजीच्या स्मरण-उपासनेत पाळकसाहेबांनी तुला पाच मिनिटं दिली आहेत आणि तू चार दिवस कागद फाडते आहेस, हे वाचून जीव तुटला. मसुदा मी दोनदा वाचला. प्रेमळ, प्रार्थनाशील, मनमिळाऊ, सर्वांचा आधार. यातला एकही शब्द खोटा नाही. पण माझी आई गेली तेव्हा मीही नेमके हेच शब्द वाचून दाखवले होते. उपासना संपल्यावर मागच्या बाकावरच्या एक म्हाताऱ्या बाई माझा हात धरून म्हणाल्या, "तुझी आई शेवटच्या कडव्याला पेटी थांबवायची आणि सगळ्यांना नुसत्या गळ्यानं म्हणायला लावायची. ते कसं गं नाही सांगितलंस?" मी पोटची मुलगी, आणि मला ते ठाऊकच नव्हतं! आईच्या शेजारी बसून गायचे, म्हणून कधी लक्षातच आलं नाही. एकवीस वर्षं झाली, ती टोचणी गेलेली नाही. तुला ती लागू नये म्हणून हे पत्र जरा लांबणार आहे.

पहिलं काम आजच कर. आजीचं गीतांचं पुस्तक कुणी मागितलं तरी देऊ नकोस. आत्या मागेल, चर्चच्या मंडळीतली माणसं आठवण म्हणून मागतील. आधी पानन् पान फोटोत घे. आपल्या गीतांच्या पुस्तकात शब्द असतात, वर रागाचं नाव असतं, नाहीतर अमक्या गीताची चाल, एवढंच. बाकी सगळं म्हणणाऱ्याच्या गळ्यात. तुझ्या आजीने, म्हणजे आमच्या काकींनी, समासात पेन्सिलीने खुणा केल्या आहेत. कुठे 'का. ५' असेल, कुठे ते खोडून 'का. ४', आणि अलीकडे 'का. ३'. ती पेटीची पट्टी आहे, म्हणजे पेटीच्या कितव्या काळ्या पट्टीला षड्ज, आपला सा, धरायचा ते; आकडा उतरला की आवाज खाली येतो. चाळिशीतल्या काकी काळी पाचमध्ये गायच्या आणि वरच्या षड्जावर निवांत थांबायच्या. साठीनंतर काळी चार, आणि शेवटची दहा-बारा वर्षं काळी तीन. काही ठिकाणी शेजारी साल आहे. गळा एकेक पायरी उतरत गेला आणि त्यांनी प्रत्येक पायरी न लपवता लिहून ठेवली. एक्क्याण्णव वर्षांचं आयुष्य पाच मिनिटांत सांगायचं तर मला याहून खरा धागा दिसत नाही.

त्या खुणांवरून पुढचे प्रश्न आपोआप निघतील. ही चाल आली कुठून? नगर जिल्ह्यातल्या त्यांच्या आईकडून. कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली इथे मुंबईतच झाला, पण त्यांची भजनं आणि अभंग खेडोपाडी पोचले ते टाळ-मृदंगावर, जमिनीवर बसून म्हणणाऱ्या बायाबापड्यांमुळे. काकींच्या आई त्यांतल्याच. दळताना म्हणायच्या. काकी १९५४ साली लग्न होऊन भायखळ्याला आल्या तेव्हा ट्रंकेत दोन लुगडी आणि डोक्यात या चाली, असं त्या स्वतः सांगायच्या. भायखळ्याच्या चर्चमध्ये तेव्हा विलायती चालींची गीतं उभं राहून, पायपेटीवर म्हटली जात. काकींनी त्याही शिकून घेतल्या. दोन्ही त्यांच्याच झाल्या.

इथे एक गोष्ट नीट समजून घे, कारण पुढचं काम तिच्यावर अवलंबून आहे. पेटीला मींड निघत नाही. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायचं तर पेटी दोन पट्ट्या दाबते आणि मधली जागा रिकामी राहते. याच आणि आणखी काही कारणांनी १९४० साली रेडिओने पेटीवर बंदी घातली होती आणि ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. काकींना यावर वाद घालायला आवडत नसे. त्या फक्त अशी ओळ आली की बाकीची बोटं उचलायच्या, भाता चालू ठेवून एका बोटाने नुसता षड्ज धरायच्या आणि ती जागा गळ्याने घ्यायच्या. म्हणून त्यांच्या चाली स्वरलिपीत अर्ध्याच उतरतील. त्या गळ्यातूनच घ्याव्या लागतील. महिला मंडळातल्या तिघी-चौघीजणी अजून आहेत, दोघींना ऐंशी उलटली आहे. फोन घे, एकेकीच्या घरी जा, पंखा बंद कर आणि म्हणायला सांग. दोघींच्या चालीत फरक निघेल. बरोबर कोण, हे तिथे ठरवू नकोस, दोन्ही ठेव. माझ्या आईची एक चाल होती, पुस्तकात त्या गीतावर दुसऱ्या एका गीताच्या चालीचा उल्लेख आहे आणि ते दुसरं गीत आज कुणालाच येत नाही. पहिली ओळ मला आठवते. दुसरीला सूर कुठे वळतो ते आठवत नाही. कितीदा पेटी घेऊन बसले, मिळालं नाही.

आता एक गोष्ट, जी मी आजवर कुणाला सांगितली नाही.

१८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. तुझे आजोबा गिरणीत साच्यावर कामाला होते. पहिले दोन-तीन महिने सगळ्यांनी निभावलं, मग घराघरांतून भांडी निघाली, मंगळसूत्रं निघाली. माझे वडील तेव्हा चर्चची देखभाल करायचे, किल्ली आमच्याकडे असायची. त्या पावसाळ्यापासून काकी रविवारी उपासनेच्या तासभर आधी यायला लागल्या. मी दार उघडायचे. त्या पायपेटीजवळ बसून बोटं चालवायच्या. हळू, भात्याला पाय जेमतेम लावून, बाहेर आवाज जाऊ नये असं. मंडळीत सगळे म्हणायचे, बघा, संकट आलं तशी काकींची भक्ती वाढली. मीही तेच समजत होते. एकदा पावसाने एक पट्टी फुगली, दाबली की वरच येईना. मी म्हटलं, "काकी, आज घरच्या पेटीवर करा ना सराव." त्या ती पट्टी नखाने उचलत राहिल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "घरची पेटी जूनमध्ये दिली गं. पोरांच्या फिया होत्या." पुढे म्हणाल्या, "यांना वाटतं मी चाळीतल्या मुलींना शिकवायला पेटी तिकडे ठेवलीय. तू बोलू नकोस." मी तेव्हा बावीस वर्षांची होते. बोलले नाही.

जवळजवळ दोन वर्षं त्या अशा येत होत्या. नंतर दुसरी पेटी आली, तीच तुमच्या घरी आहे, जुन्या सुती साडीत गुंडाळलेली. त्या फियांतली एक तुझ्या वडिलांची होती. म्हणून हे व्यासपीठावरून सांगायच्या आधी वडिलांना सांग, दोघंच असताना. ते नको म्हणाले तर सांगू नकोस. हो म्हणाले तर जसंच्या तसं सांग, वर 'त्याग' वगैरे शब्द लावू नकोस. शिवडीला माती देताना तुझे वडील ज्या प्रकारे उभे होते, ते पाहून वाटलं की त्यांना हे कळायला हवं. मी उशीर केला, हे मला मान्य आहे.

काकींचा राग माहीत असलेली माणसंही समोर बसलेली असतील. सरावाला उशीर केला की त्या भाता बंद करून बसायच्या, सगळ्यांसमोर. एका मुलाला एकदा म्हणाल्या, तू नुसतं तोंड हलव. तो पुन्हा गायनमंडळात आला नाही. त्याचा विषय निघाला की काकी गप्प व्हायच्या. हे एका वाक्यात तरी असू दे. ती माणसं पुढचं सगळं मग मन लावून ऐकतील.

जन्मतारीख, गाव, मुलं-नातवंडं किती, हे पाळकसाहेब सांगतीलच, त्यात वेळ घालवू नकोस. दीड पानाच्या वर लिहू नकोस. सावकाश वाच. रडू आलं तर थांब, पाणी पी, लोक थांबतात. आणि शेवटी भाषण गुंडाळायला जाऊ नकोस. तिथे काकींच्या आईच्या चालीतलं एक कडवं म्हण. तुझा आवाज पातळ आहे, तू वरची पट्टी मागशील, ते मला ठाऊक आहे. पण समोरच्या दोन रांगांत ज्या बायका बसतील त्यांना आता वर जाता येत नाही. त्यांनी सोबत म्हणावं असं वाटत असेल तर त्यांच्या पट्टीत ये.

शनिवारी संध्याकाळी पाचला माझ्याकडे ये. पुस्तक घेऊन ये, फोन चार्ज करून आण. महिला मंडळातल्या त्या दोघींनाही बोलावलं आहे, एकीला जिना चढवत नाही, तिला तू खालून धरून आण. मी पेटी काढून ठेवते. काळी तीन.

तुझी
शब्बाथशाळेतली बाई