गुप्तवार्ता, गुप्तचर की गुप्तहेर?

एका वाचकाने विचारलंय: 'गुप्तहेर खात्याचा इशारा', 'गुप्तचर यंत्रणांचं अपयश', 'राज्य गुप्तवार्ता विभाग' असं तिन्ही वाचायला मिळतं. इंटेलिजन्सला मराठीत नेमकं म्हणायचं काय?

माझा कौल गुप्तवार्तेला. हेर आणि चर ही माणसं झाली. इंटेलिजन्स म्हणजे त्यांनी आणलेली, चार ठिकाणांहून पडताळलेली माहिती. शिवाय हेरगिरी लपूनच करायची असते, त्यामुळे 'गुप्तहेर'मधला गुप्त मुळातच जादा आहे. रहस्यकथांनी तो शब्द घरोघरी नेला आणि आता लग्नाआधी मुलाची चौकशी करून देणाराही खाजगी गुप्तहेरच असतो. देशाच्या सुरक्षेच्या कामाला तो ढिला पडतो.

खरं तर आपल्याकडे यासाठी जुना, अस्सल शब्द होता: बातमी. त्याचं मूळ अरबी 'बातिन'शी जोडलं जातं. बातिन म्हणजे आतलं, दडलेलं. शत्रूच्या गोटातून काढून आणलेली आतली खबर ती बातमी. पुढे वर्तमानपत्रं आली आणि दडलेलं सांगणारा हा शब्द जगजाहीर गोष्टींसाठी वापरला जाऊ लागला. 'जासूद'चंही असंच झालं. अरबी जासूस म्हणजे हेर, पण पेशवाईतल्या कागदांत जासूद म्हणजे पत्रं पोचवणारा माणूस.

बातमीचा जुना अर्थ मात्र पोलीस ठाण्यात अजून जिवंत आहे. कुठलीही फिर्याद किंवा पंचनामा उघडा: 'गुप्त बातमीदारामार्फत बातमी मिळाली की...' आणि पुढे 'सदर बातमीचा आशय पंचांना समजावून सांगितला'. हा बातमीदार पत्रकार नव्हे, खबऱ्या. शाळेपासून बातमीदार म्हणजे वार्ताहर असं शिकलेल्या मला हे वाक्य पहिल्यांदा वाचताना फार आनंद झाला होता. सामान्य वाचकाला मात्र आता 'बातमी विभाग' म्हटलं तर दूरदर्शनच आठवेल, म्हणून 'वार्ता'ला 'गुप्त' जोडणं भाग आहे.

शब्द नेमका हवा, कारण त्यावरून काम कळतं. इंटेलिजन्स ब्युरोची सुरुवात 1887 सालची, पण आजही या खात्याला अटकेचे अधिकार नाहीत. ते वार्ता काढतं, जुळवतं आणि राज्याच्या पोलिसांना कळवतं. धरपकड पोलीस करतात. एनआयए ही 'राष्ट्रीय तपास यंत्रणा', तिचा मुख्य भर गुन्हा घडल्यानंतरच्या तपासावर. या सगळ्यांना सरसकट 'गुप्तचर यंत्रणा' म्हटलं की कोण कुठे कमी पडलं हे वाचकाला कळतच नाही. 26/11 च्या आधी समुद्रमार्गे हल्ल्याच्या आणि ताजला धोका असल्याच्या सूचना आल्या होत्या. म्हणजे वार्ता होती, ती एका जागी जुळून पुढची हालचाल झाली नाही. कारगिलनंतर 2001 मध्ये सगळ्या संस्थांच्या वार्ता एकत्र आणायला मल्टी एजन्सी सेंटर उभं राहिलं होतं; त्याला खरं बळ मिळालं ते 31 डिसेंबर 2008 च्या आदेशाने, मुंबई होरपळून निघाल्यावर.

जाता जाता 'रेकी'बद्दल. 26/11 च्या हल्लेखोरांसाठी मुंबई पाहून गेलेल्या डेव्हिड हेडलीबद्दल 'हेडलीने ताजची रेकी केली' असं छापतात. रेकी नावाची एक जपानी उपचारपद्धतीही आहे, त्यामुळे उगाच गोंधळ. 'टेहळणी' हा किल्ल्यांच्या बुरुजांवरून आलेला सुरेख शब्द असताना तो का टाळावा? हेडली हल्ल्याआधी पाच वेळा मुंबईत आला, हॉटेलांचं चित्रीकरण केलं, उतरायची जागा शोधायला होडीतून फिरला. ही टेहळणी. ती जागेची असते. माणसावर ठेवतात ती पाळत. हेडलीवर मुंबईत पाळत असती तर त्याची टेहळणी दिसली असती, इतका हा फरक स्वच्छ आहे.

आणि आणखी एक शब्द, जो कुठल्याच खात्याच्या पाटीवर नाही. 26 नोव्हेंबरच्या रात्री कफ परेडच्या मच्छीमार वस्तीजवळ रबरी होडीतून माणसं उतरताना दिसली, तेव्हा तिथल्या कोळ्यांनी 'कोण, कुठले?' म्हणून त्यांना हटकलं. पहारेकरी अनोळखी माणसाला थांबवून विचारतो, त्या क्रियेला मराठीत 'हटकणं' हाच शब्द आहे.