हार्ड डिस्क टकटक करतीये, फॉरमॅट मारू का?

प्रश्न : दादा नमस्कार. घरच्या कम्प्युटरला सात-आठ वर्षं झाली, एक टीबीची हार्ड डिस्क आहे. हल्ली चालू व्हायलाच दहा-पंधरा मिनिटं लावतो, टास्क मॅनेजरमध्ये डिस्क सारखी १०० टक्के दाखवते आणि मधूनच कॅबिनेटमधून टक टक आवाज येतो. मी घरून तीन-चार दुकानांचे टॅलीचे हिशोब करते ते सगळं ह्याच्यातच आहे, शिवाय पोरीच्या बारशापासूनचे फोटो. बॅकअप नाही, ओरडू नका. दुरुस्तीवाला म्हणतो फॉरमॅट मारून देतो, नव्यासारखी चालेल. भाचा म्हणतो मावशी, चेकडिस्क चालव. कोणाचं ऐकू?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : ताई, तूर्तास दोघांचंही नका ऐकू. हे वाचून झालं की कम्प्युटर शटडाउन करा आणि पुढची तयारी होईपर्यंत बंदच ठेवा. कारण असं की विंडोज त्याच डिस्कवर आहे, तुम्ही नुसतं माउस हलवत बसलात तरी ते मागे अपडेट, अँटीव्हायरस, इंडेक्सिंग असं काहीतरी त्या बिचारीकडून वाचून-लिहून घेतच असतं, आणि आजारी डिस्ककडे जेवढी वाचनं उरलीत ती तुमच्या टॅलीसाठी वापरायची आहेत, विंडोजच्या अपडेटसाठी नाही.

आधी बघू की दोष नक्की डिस्कचाच आहे का. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर मिळतं, दुसऱ्या कुणाच्या कम्प्युटरवर पोर्टेबल व्हर्जन पेनड्राइव्हवर घ्या आणि आपल्याकडे एकदाच उघडून मोबाईलने स्क्रीनचा फोटो काढा, बस. वर निळा, पिवळा की लाल चौकोन आहे ते बघायचं आणि खालच्या यादीत फक्त चार ओळी बघायच्या : ०५, सी५, सी६ आणि सी७. शेवटच्या रॉ व्हॅल्यू कॉलममधले आकडे मुळात हेक्साडेसिमलमध्ये असतात, म्हणजे शेवटी १० दिसलं तर ते सोळा. ०५ म्हणजे डिस्कने खराब म्हणून बाद करून राखीव जागेवर हलवलेले सेक्टर (सेक्टर म्हणजे डिस्कवरचे डेटा ठेवायचे छोटे कप्पे). सी५ म्हणजे वाचता येईनात म्हणून लटकलेले सेक्टर, आणि तुमचा कम्प्युटर ज्या प्रकारे अडकतोय त्यावरून माझा संशय ह्याच्यावर आहे, डिस्क तोच सेक्टर पुन्हा पुन्हा वाचायला बघते आणि तेवढा वेळ विंडोज तोंड वासून थांबतं. सी६ मध्ये आकडा दिसला तरी तीच रड. पण ०५, सी५, सी६ तिन्ही शून्य आणि एकटा सी७ (केबलमधून डेटा जाताना झालेल्या चुका) वाढलेला असेल तर बहुतेक वेळा डिस्क ठीक असते, डिस्क मदरबोर्डला जोडणारी साटा केबल सैल किंवा खराब झालेली असते, ती बदलायला फार पैसे लागत नाहीत. त्यामुळे दुकानात कोणी न बघताच डिस्क गेली म्हणालं तर आधी केबल बदलून बघायला सांगा.

आता फॉरमॅटचं. दुरुस्तीवाला अगदीच थापा मारत नाहीये, गंमत तिथेच आहे. लटकलेल्या सेक्टरवर नवीन काही लिहिलं गेलं की डिस्क निर्णय घेते, लिहून झालं तर तो सेक्टर पुन्हा कामाला, नाही झालं तर बाद करून त्याच्या जागी राखीवमधला. विंडोजचं पूर्ण फॉरमॅट सगळीकडे शून्य लिहितं, साहजिकच सी५ चा आकडा खाली येतो आणि कम्प्युटर काही दिवस झकास पळतो, दुकानदार म्हणतो बघा. पण त्या सेक्टरमध्ये जे होतं ते गेलं, बाकीचंही गेलं, आणि डिस्कच्या आतल्या फिरत्या चकतीवरची, म्हणजे पत्र्यावरची, खराबी तशीच. क्विक फॉरमॅट मारलं तर आकडाही जागचा हलणार नाही.

चेकडिस्कचा रोग वेगळा. ती फाइल सिस्टीम, म्हणजे कुठली फाइल कुठे आहे ह्याची नोंदवही, नीट करते, तुमच्या फाइली वाचवणं हे तिचं कामच नाही. /आर लावून चालवली की अख्खी डिस्क सेक्टर न सेक्टर वाचते, तासन् तास, आणि जिथे नोंद जुळत नाही ती नोंद सरळ काढून टाकते, मग फाउंड नावाच्या फोल्डरमध्ये निनावी तुकडे मिळतात, त्यातला टॅलीचा कुठला आणि फोटोचा कुठला ओळखत बसा. चांगल्या डिस्कवर खुशाल चालवा, मरायला टेकलेलीवर डेटा बाहेर काढायच्या आधी नाही. चालू होताना विंडोज स्वतःहूनच डिस्क तपासायला लागलं तर स्क्रीनवर सांगतात तसं लगेच बटण दाबून ते थांबवा.

मग करायचं काय, तर एक एसएसडी (फिरते भाग नसलेली डिस्क) घ्या, तिच्यावर विंडोज टाकून घ्या (तशीही ती तुम्हाला लागणारच आहे) आणि जुनी डिस्क त्याच कॅबिनेटमध्ये दुसरी डिस्क म्हणून जोडा. चालू झाल्यावर ‘फॉरमॅट करायचं का’ असं विचारलं तर कॅन्सल. फोल्डर उघडायच्या आधी व्ह्यू डिटेल्सवर ठेवा, कारण मोठे आयकॉन असले की विंडोज प्रत्येक फोटोचं छोटं चित्र बनवायला तो फोटो वाचतं, पाच हजार फोटोंचा फोल्डर नुसता उघडला तरी डिस्कची दमछाक. पहिल्यांदा टॅलीचा डेटा फोल्डर, तो आकाराने लहान असतो आणि पोट त्याच्यावर आहे, मग पॅन-आधार वगैरे स्कॅन, मग फोटो, आणि सिनेमे-बिनेमे विसरा. कॉपीच करा, कट नको, कट केलं की जुन्या डिस्कवरून खोडायचं कामही तिलाच लागतं. एखाद्या फाइलवर अडकली तर स्किप करून पुढे चला, तिच्याशी भांडत बसू नका.

अशी कॉपी जमतच नसेल तर भाच्याला कामाला लावा, त्याला सांगा लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून जीएनयू डीडीरेस्क्यू चालवायला. हे सॉफ्टवेअर आधी सहज वाचता येणारा भाग दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतं, अवघड जागा शेवटी ठेवतं, आणि कुठपर्यंत आलो ते एका मॅप फाइलमध्ये लिहून ठेवतं, त्यामुळे मध्येच लाइट गेली तरी तिथून पुढे चालू करता येतं. मात्र कुठल्या डिस्कवरून कुठल्या डिस्कवर हे त्याने दोनदा वाचून मगच एंटर मारावं, उलटं झालं तर रिकाम्या डिस्कची कॉपी तुमच्या डेटावर बसेल.

आणि टकटक वाढून एकसारखी सुरू झाली, किंवा बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडता येणारा सेटिंगचा स्क्रीन) डिस्कचं नावच येईना, तर घरगुती सगळं बंद. हेडला, म्हणजे पत्र्यावरचं वाचणाऱ्या भागाला, जागा सापडत नाहीये, तो जाऊन परत येतोय, आणि प्रत्येक फेरीत पत्र्याला ओरखडे पडायची भीती. हेड पत्र्यापासून काही नॅनोमीटरवर तरंगतो, म्हणून झाकण उघडून बघायची हौस नको. फ्रीजरमध्ये ठेवायचा सल्लाही नको, बाहेर काढल्यावर आत दव धरतं. तशाच दुसऱ्या डिस्कची हिरवी प्लेट (बाहेरचं सर्किट बोर्ड) काढून लावणारेही भेटतील, पण बहुतेक डिस्कमध्ये त्या प्लेटवरच्या चिपमध्ये त्याच डिस्कची खास माहिती असते, ती न हलवता नुसती प्लेट बदलून चालत नाही. डेटा रिकव्हरी लॅब पुण्या-मुंबईत आहेत, हेड बदलायची वेळ आली तर बिल पाच आकडी जाऊ शकतं, तेव्हा तपासणीची फी किती, डेटा नाही मिळाला तर पैसे किती, आणि पैसे द्यायच्या आधी फाइलींची यादी दाखवणार का, हे तिन्ही विचारून घ्या.

प्रश्न : माझी एक्स्टर्नल डिस्क कम्प्युटरला पुढून लावली की टिक टिक करून बंद पडते, लॅपटॉपला लावली की मस्त चालते. डिस्क गेली का?
– वाचक, चिपळूण

उत्तर : बहुतेक नाही. छोट्या एक्स्टर्नल डिस्कला करंट यूएसबीमधूनच मिळतो, आणि जुन्या कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टला आतून लांब, बारीक वायर असते, तिथे व्होल्टेज पडलं की मोटर फिरायला लागते आणि मध्येच दम तोडते, आवाज हुबेहूब खराब डिस्कसारखा. मागच्या पोर्टला, आखूड केबलने लावून बघा. तिथेही तेच झालं तर मात्र लॅपटॉपवर ती चालतीये तोवर सगळं उतरवून घ्या.

प्रश्न : आमच्याकडे क्रिस्टलडिस्कइन्फो निळं, गुड दाखवतंय. मग बॅकअपची घाई नाही ना?
– वाचक, नागपूर

उत्तर : आहे. गूगलच्या इंजिनीअरांनी २००७ मध्ये त्यांच्याकडच्या लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास छापला, त्यात बंद पडलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त डिस्कनी त्यांनी महत्त्वाचे मानलेल्या चार आकड्यांपैकी एकातही काही दाखवलेलं नव्हतं. पिवळा दिसला तर पळा एवढाच त्याचा उपयोग. निळा आहे म्हणून निवांत बसू नका, ह्याच रविवारी एक एक्स्टर्नल डिस्क आणा, कॉपी झाली की केबल काढून कपाटात ठेवा.