कम्युनिटी कॉलेजात बजेट कपात चालू असताना आत नेमकं काय चाललंय, हे पालकांना कसं कळेल?

तुम्ही लिहिलंय की मुलगा कॅलिफोर्नियातल्या एका कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे जिथून पुढे विद्यापीठात जाता येतं अशा दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात आहे, गणित आणि रसायनशास्त्र दोन्हीकडे वेटलिस्टवर अडकलाय, आणि कॉलेजकडून येणाऱ्या पत्रांत मात्र सगळं उत्तम चाललंय असंच असतं. मग कपात खरंच किती आणि कुठे होतेय हे कळायचं कसं? आणि आपण फी भरायला तयार असताना कॉलेज वर्ग वाढवत का नाही?

दोन्ही प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचे आहेत. लग्नानंतर २००८ साली मी इकडे आले, एच-४ व्हिसावर. नोकरी करता येत नव्हती, शिकता येत होतं. जानेवारी २००९ मध्ये घराजवळच्या कॉलेजात इंग्रजी लेखनाचा एक वर्ग घेतला, आणि वर्षभरात कॉलेजच्या विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्रात जाऊन बसले ती २०१२ च्या अखेरपर्यंत. या राज्यातल्या कम्युनिटी कॉलेजांचे सगळ्यात वाईट दिवस ते हेच. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण तिथलं जे खटकलं तेही पुढे येणार आहे.

आधी फीचं. आपल्या डोक्यात खाजगी कॉलेजाचं गणित असतं: विद्यार्थी आले, फी आली, तुकडी वाढवली. इथे तसं नसतं. त्या काळी राज्य सरकार कॉलेजला 'पूर्णवेळ विद्यार्थ्या'मागे पैसे द्यायचं, आणि असा एक विद्यार्थी म्हणजे ५२५ तासांचं शिक्षण, मग ते एकाने घेतलेलं असो की पाच जणांनी मिळून. किती विद्यार्थ्यांचे पैसे मिळतील याची वरची मर्यादा सरकार ठरवून द्यायचं. मर्यादेबाहेर जितकी मुलं शिकवाल तितकी फुकट शिकवाल. विद्यार्थ्यांनी भरलेली फीही त्याच ठरलेल्या रकमेत धरली जाते. फी जास्त जमली की तेवढा सरकारचा वाटा कमी. मी आले तेव्हा एका युनिटला, म्हणजे एका श्रेयांकाला, २० डॉलर पडायचे. २००९ च्या ऑगस्टमध्ये २६ झाले, २०११ मध्ये ३६ आणि २०१२ च्या उन्हाळ्यात ४६. मुलांच्या खिशातून दुपटीहून जास्त पैसे जायला लागले आणि तुकड्या मात्र कमी होत गेल्या. सरकारने पैसे कापले की सोबत मर्यादाही खाली आणायचं, म्हणजे कमी मुलांना शिकवा असं कॉलेजला कायद्यानेच सांगितलं जायचं.

आणि हे घडलं केव्हा, तर लोकांना कॉलेजची सर्वांत जास्त गरज होती तेव्हा. मंदीत नोकऱ्या गेलेली माणसं नवीन काहीतरी शिकायला येत होती. राज्याच्या मोठ्या विद्यापीठांनी प्रवेश कमी केल्यामुळे तिकडची मुलंही आमच्याकडे वळली होती. १९६० च्या मास्टर प्लॅनमध्ये राज्याने शब्द दिला होता की शिकण्याचा फायदा होऊ शकेल अशा प्रत्येकाला कम्युनिटी कॉलेजचं दार उघडं राहील. तरी २००८-०९ मध्ये राज्यभर सुमारे २९ लाख असलेले विद्यार्थी चारेक वर्षांत २४ लाखांच्या आसपास आले. त्या पाच लाखांना कुणी नकाराचं पत्र पाठवलं नाही. त्यांना जागा मिळाली नाही, एवढंच.

त्यातला एक माणूस मला अजून दिसतो. फ्रीमाँटचा नुम्मी कारखाना, टोयोटा आणि जनरल मोटर्स मिळून चालवायचे तो, एप्रिल २०१० मध्ये बंद झाला. साडेचार हजारांहून जास्त कामगार घरी बसले. त्या ऑगस्टमध्ये आमच्या संख्याशास्त्राच्या वर्गाच्या पहिल्या दिवशी बाकं तर भरलीच, भिंतीला लागूनही माणसं उभी होती. बाईंनी आधीच सांगितलं की माझ्याकडे चारच ॲड कोड आहेत. हा कोड टाकल्याशिवाय वेटलिस्टवरच्याचं नाव वर्गात लागत नाही. भिंतीजवळ पन्नाशीचे एक गृहस्थ होते, अंगात नुम्मीचं जाकीट, हातात नवीकोरी वही, प्लास्टिकचं वेष्टनसुद्धा न काढलेली. बाई यादीतली नावं वाचत गेल्या. त्यांचं नाव सहावं होतं. त्यांनी "थँक यू, मॅम" म्हटलं, दार आवाज न करता ओढून घेतलं आणि गेले. मी वर्गातच बसून राहिले, उठून त्यांच्या मागे जाऊन नाव विचारायला हवं होतं. पुढची दोन वर्षं मी कपातीवर जे काही लिहिलं ते त्यांच्यासाठीच लिहिलं.

आता "जास्त पैसे देतो, पण वर्ग द्या" हा तुमचा विचार. तो करून बघण्याचा घाट सांता मोनिका कॉलेजने २०१२ मध्ये खरोखर घातला होता. नेहमीचे वर्ग ठरलेल्या फीत, आणि मागणी असलेल्या विषयांच्या जादा तुकड्या साधारण १८० डॉलर युनिटने. विद्यार्थी भडकले. ३ एप्रिल २०१२ ला कॉलेजचा कारभार पाहणाऱ्या बोर्डाच्या सभेच्या दाराशी गर्दी झाली, पोलिसांनी पेपर स्प्रे मारला, आणि त्याच आठवड्यात ती योजना बाजूला ठेवावी लागली. माझं मत विचाराल तर बरं झालं. नुम्मीच्या त्या गृहस्थांना १८० डॉलर कुठून परवडले असते? पण एक खरं, योजना गेली तरी तिथल्या मुलांना हवे असलेले वर्ग काही आले नाहीत.

तर कळायचं कसं? आमच्या कॉलेजात साहेब लोक प्रत्येक सभेत सांगायचे, "एकही अभ्यासक्रम बंद केलेला नाही." ते खोटं बोलत नव्हते. मग मुलं रडकुंडीला का आलीत हे आम्हाला उमगेना. शेवटी मी दोन वर्षांची छापील वेळापत्रकं घरी आणली, स्वयंपाकघरातल्या टेबलावर शेजारी शेजारी उघडली आणि लाल पेनने एकेक सेक्शन, म्हणजे विषयाची एकेक तुकडी, खोडत गेले. नवरा आकडे वाचायचा, मी खुणा करायचे. तीन रात्री लागल्या. त्यातून दिसलं ते असं: विषयांची यादी जशीच्या तशी होती, पण संध्याकाळचे आणि शनिवारचे सेक्शन भराभर गेले होते, म्हणजे दिवसा काम करणाऱ्यांचेच. आणि पहिला, दुसरा, तिसरा असे एकापुढे एक घ्यावे लागणारे जे विषय असतात, त्यातला पहिला दर सत्रात होता, पुढचे मात्र वर्षातून एकदाच. रसायनशास्त्राचा दुसरा भाग ज्याच्या हातून निसटला त्याचं विद्यापीठात जाणं सरळ एक वर्ष लांबलं. 'अभ्यासक्रम बंद नाही' हे वाक्य आणि मुलाचं वाया गेलेलं वर्ष, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. तुमच्या मुलाच्या कॉलेजची जुनी वेळापत्रकं संकेतस्थळावर मिळतात का बघा. फक्त त्याच्या विषयांची साखळी मोजा, सगळं मोजायची गरज नाही.

त्याच वेळापत्रकात शिक्षकांच्या नावांच्या रकान्यातही बघा. काही ठिकाणी नावाऐवजी नुसतं 'स्टाफ' असतं. एरवी याचा अर्थ फक्त शिक्षक ठरायचाय एवढाच. पण जिथे वर्षानुवर्षं एकच नाव असायचं तिथे 'स्टाफ' दिसू लागलं, की मी चौकशी करायचे. आपल्याकडचे सीएचबी प्राध्यापक तुम्हाला माहीत असतील, तासिका तत्त्वावर महाराष्ट्रातली किती कॉलेजं त्यांच्याच जोरावर चालतात. इथले पार्ट-टाइम शिक्षक म्हणजे तेच. एका कॉलेज-जिल्ह्यात, म्हणजे एकाच बोर्डाखालच्या कॉलेजांत, त्यांना पूर्णवेळ कामाच्या ६७ टक्क्यांच्या वर तास देता येत नाहीत, म्हणून दोन-तीन कॉलेजांत शिकवून पोट भरतात. 'फ्रीवे फ्लायर' म्हणतात त्यांना. माझ्या लेखनाच्या बाईंच्या गाडीच्या डिकीत दुधाच्या क्रेटसारखे तीन क्रेट असायचे, तीन कॉलेजांचे तीन, आणि त्या डिकीवर वाकूनच माझा निबंध तपासून द्यायच्या. पूर्णवेळ शिक्षकाला काढायचं तर १५ मार्चच्या आत रीतसर नोटीस द्यावी लागते, त्याची बातमी होते, संघटना उभी राहते. बाईंना नोटीस नव्हती. पुढच्या सत्रासाठी फोन आला नाही, बस. इतकी वर्षं शिकवलेल्या माणसाला कॉलेजकडून एक ओळसुद्धा गेली नाही, याचा राग मला आजही येतो.

यापुढचा रस्ता बोर्डाच्या सभेचा. माझे वडील जिल्हा परिषदेत होते, त्यामुळे विषयपत्रिका आणि इतिवृत्त हे शब्द लहानपणापासून कानावर होते. इथे ते फार उपयोगी पडले. कॅलिफोर्नियात १९५३ पासून ब्राऊन ॲक्ट आहे. नियमित सभेची विषयपत्रिका ७२ तास आधी सर्वांना दिसेल अशी लावावी लागते, आणि सभेत सामान्य माणसाला बोलू द्यावंच लागतं. पालकही उठून बोलू शकतात. मोठ्या मथळ्याच्या विषयांपेक्षा 'कन्सेंट कॅलेंडर' नावाचा भाग नीट वाचा. तिथे राजीनामे, निवृत्त्या, कंत्राटं असं पन्नास गोष्टींचं गाठोडं एकाच मताने मंजूर होतं. ग्रंथपाल निवृत्त झाल्याची ओळ दिसली आणि पुढच्या तीन सभांत नव्या ग्रंथपालाची ओळ आली नाही, की समजायचं, ग्रंथालयाची वेळ कमी होणार. आमच्याकडे तसंच झालं.

वर्षाचा क्रमही लक्षात ठेवा: जानेवारीत गव्हर्नरचा प्रस्ताव, मेच्या मध्याला सुधारित आकडे, १ जुलैपासून नवं आर्थिक वर्ष, आणि कॉलेजचं अंतिम बजेट १५ सप्टेंबरच्या आत. मार्च ते जून या महिन्यांत जे ठरतं ते ऑगस्टमध्ये मुलांच्या वाट्याला येतं.

एक गोष्ट मात्र चुकूनही गल्लत करू नका, आम्ही केली होती. वर्ग बंद होताहेत आणि शेजारी काचेची नवी इमारत उभी राहतेय, हे बघून आम्ही संतापून एक संपादकीय छापलं. नंतर हिशेब खात्यातल्या एका सज्जन बाईंनी तासभर बसवून समजावलं. इमारतीचा पैसा मतदारांनी मंजूर केलेल्या बाँडचा, म्हणजे कर्जरोख्यांचा असतो. २००० साली मतदारांनी थेट मतदानाने मंजूर केलेल्या प्रपोझिशन ३९ या प्रस्तावानुसार ५५ टक्के मतांनी असे बाँड मंजूर होतात आणि त्यातला एक डॉलरही शिक्षकांच्या पगाराला वापरता येत नाही. पुढच्या अंकात आम्ही दुरुस्ती छापली, पहिल्या पानावर.

आणि कपात केलीच नाही तर सगळं ठीक, असंही नसतं. सॅन फ्रान्सिस्को सिटी कॉलेजने माणसं आणि वर्ग वाचवण्याचा आटोकाट प्रयत्न केला, पण गंगाजळी तुटपुंजी राहिली. २०१२ मध्ये मान्यता देणाऱ्या आयोगाने कारभारावर आणि पैशांवर बोट ठेवलं, २०१३ मध्ये मान्यता काढायचा निर्णय दिला. प्रकरण कोर्टात गेलं आणि २०१७ मध्ये मान्यता पक्की झाली, पण मधल्या काळात हजारो विद्यार्थी सोडून गेले. म्हणून बजेटमध्ये गंगाजळीची ओळ मी आधी बघते. तिथे पाच टक्क्यांच्या खाली आकडा दिसला तर काळजी करावी.

आमचं वृत्तपत्रही कपातीतून सुटलं नाही. कम्युनिटी कॉलेजचं वृत्तपत्र बहुतेक ठिकाणी वेळापत्रकातला एक वर्गच असतो, युनिट देणारा. त्यामुळे कमी करायच्या सेक्शनच्या यादीत एके दिवशी आमचंही नाव दिसलं. इतरांच्या वर्गांची बातमी दिली तशीच आमचीही दिली, चार ओळींत. वर्ग वाचला, पण दर आठवड्याचा अंक पंधरवड्यावर आला आणि छपाईच्या प्रती निम्म्या झाल्या. नोव्हेंबर २०१२ मध्ये प्रपोझिशन ३० च्या निकालाच्या रात्री आम्ही सगळे त्या खोलीत जागे होतो. कर वाढवून शिक्षणाला पैसा द्यायचा तो प्रस्ताव होता. मला मत देता येत नव्हतं. तो मंजूर झाल्याचं नक्की झालं तेव्हा आमची संपादक, एकोणीस वर्षांची पोरगी, टेबलावर डोकं ठेवून रडली. फी तेव्हापासून ४६ वरच आहे.

आता काळ वेगळा आहे. २०१८ पासून पैसे वाटायचं सूत्र बदललं, त्यात नुसतं डोकी मोजणं नाही. करोनानंतर कित्येक ठिकाणी उलट मुलं कमी म्हणून वर्ग रद्द झाले. त्यामुळे मुलाच्या वेटलिस्टचं कारण पैसाच असेल असं धरून चालू नका. प्रयोगशाळेत बाकं मोजकी असतात आणि शिकवायला माणूस न मिळणं हेही असू शकतं. विभागप्रमुखांना थेट विचारायला सांगा की हा सेक्शन मागच्या वर्षी होता, यंदा का नाही. वेळापत्रक हातात घेऊन विचारलं की नीट उत्तर मिळतं, हा माझा अनुभव आहे. तोवर त्याने दोन्ही वर्गांत पहिल्या दिवशी जाऊन बसावं, वेटलिस्टवर कितवाही असला तरी. पहिल्या दोन आठवड्यांत मुलं गळतात आणि शिक्षक समोर दिसणाऱ्याला आधी कोड देतात.

त्याच्या कॉलेजच्या बोर्डाची विषयपत्रिका वाचताना कुठे अडलं तर ती ओळ इथे खाली टिप्पणीत टाका. मी अजूनही दर महिन्याला आमच्या कॉलेजची वाचते.