बाबांच्या आतड्याच्या कॅन्सरच्या गाठीत ‘केआरएएस म्युटेशन’ (केआरएएस जनुकातला बदल) निघालं, म्हणून सेटुक्सिमॅब हे कॅन्सरचं औषध चालणार नाही म्हणतात. खरं आहे का?
हो, केआरएएस बदललेलं असेल तर नुसत्या सेटुक्सिमॅबचा उपयोग होत नाही. केआरएएस हे पेशीला ‘वाढ’ म्हणून सांगणारं प्रथिन. एरवी ते चालू-बंद होत राहतं. जनुक बिघडलं की चालूच अडकतं. सेटुक्सिमॅब अडवतं ते त्याच्या वरचं, पेशीच्या पृष्ठभागावरचं, वाढीचा निरोप घेणारं ईजीएफआर हे प्रथिन. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर चिकटला की बटण दाबणाऱ्याचा हात धरून काय फायदा? मोटार पाणी फेकतच राहते. आतड्याच्या कॅन्सरच्या सुमारे ४० टक्के गाठींत हा केआरएएसमधला बदल सापडतो, म्हणूनच हे महागडं इंजेक्शन लिहिण्याआधी तपासणी करतात. (मी वर्ध्याकडे ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो, डॉक्टर नाही.) मात्र रिपोर्टात ‘जी१२सी’ (केआरएएसमधल्या बदलाचाच एक प्रकार) लिहिलंय का ते बघा. तो प्रकार कमी आढळतो, पण त्यावर सोटोरासिब, अ‍ॅडाग्रासिब ही औषधं आहेत, आणि ती ईजीएफआर अडवणाऱ्या औषधाच्या जोडीनंच देतात.