जुन्या कंपोझिट मोटरी उडवाव्यात का?

प्रश्न : आम्ही अमेरिकेत ओहायो राज्यात राहतो. शेजारच्या एका वयस्कर गृहस्थांनी घर बदलताना मॉडेल रॉकेटच्या (छंद म्हणून उडवायच्या छोट्या रॉकेटच्या) सामानाचा खोका माझ्या मुलीला दिला. त्यात काळ्या दारूच्या, म्हणजे बंदुकीच्या दारूच्या, तीन मोटरी (रॉकेट उडवणाऱ्या इंधनाच्या नळ्या) आणि ‘एफ ५०-६’ असे छापलेल्या चार कंपोझिट मोटरी आहेत. खोका वीस-पंचवीस वर्षे गॅरेजमध्ये होता. कंपोझिट मोटर कधीच खराब होत नाही, असे क्लबमधले काही जण सांगतात. त्यावर विसंबून त्या उडवाव्यात का?
— एक वाचक, ओहायो

उत्तर : आपल्याला जे सांगितले गेले त्यात तथ्य आहे, पण ते इंधनापुरते. मोटरीत इंधनाखेरीज आणखी बरेच काही असते, आणि वयाचा परिणाम बहुधा तिथेच आधी दिसतो.

दोन्ही प्रकारांतला फरक आधी लक्षात घ्यावा. काळी दारू नळीत दाबून भरलेली असते. गॅरेज उन्हाळ्यात तापते आणि हिवाळ्यात गोठते. त्या फुगण्या-आकसण्याने दारूचा गट्टू नळीच्या कडेपासून सुटतो किंवा त्याला बारीक तडा जातो. पेटवल्यावर ज्वाला त्या फटीत शिरते, एकदम जास्त पृष्ठभाग जळू लागतो आणि मोटर फुटते. ही फट बाहेरून दिसत नाही. म्हणून त्या तीन मोटरी उडवण्याचा विचार मी करणार नाही.

कंपोझिट इंधनात अमोनियम परक्लोरेटचे कण आणि बहुधा ॲल्युमिनियमची पूड एचटीपीबी नावाच्या रबरासारख्या पदार्थात घट्ट बसवलेली असतात. रबर लवचिक असल्यामुळे तापमानाचे चढउतार ते सोसते, आणि नीट ठेवलेल्या जुन्या मोटरी व्यवस्थित उडाल्याचे अनेकांनी पाहिले आहे. परंतु परक्लोरेट हवेतला ओलावा ओढून घेते आणि उघड्या पृष्ठभागाचे हळूहळू ऑक्सिडीकरण होते. मी एकदा अशीच एक जुनी मोटर विजेरीच्या उजेडात नोझलमधून, म्हणजे वायू बाहेर पडण्याच्या तोंडातून, पाहिली होती. आतल्या पोकळीच्या भिंतीवर करड्या-पांढुरक्या रंगाची, दुधावरच्या सायीइतकी पातळ पुटी चढलेली होती. मोटर पेटते ती याच भिंतीवर, त्यामुळे अशी मोटर लवकर पेट घेत नाही. कधी ती क्षणभर फुसफुसते, विझते आणि पुन्हा धरते. त्याहून वाईट म्हणजे पुरेसा जोर येण्याआधीच रॉकेट उचलले जाते, मार्गदर्शक दांडीवरून संथपणे सुटते आणि कलते.

काही अनुभवी मंडळी ही पुटी पॉलिशकागदाने घासून काढतात. आपण तसे करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. घासून निघालेला कीस सहज पेट घेऊ शकतो. शिवाय नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री या १९५७ साली स्थापन झालेल्या, मॉडेल रॉकेट उडवणाऱ्यांच्या अमेरिकी संस्थेच्या सुरक्षा संहितेत मोटरीत कोणतीही फेरफार करू नये असे नमूद आहे, आणि आपल्या मुलीने पहिल्याच दिवशी नियम वाकवायला शिकू नये.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती ‘६’ या आकड्याची. ‘एफ’ म्हणजे ४० ते ८० न्यूटन-सेकंद आवेगाचा (मोटरीने दिलेल्या एकूण जोराचा) वर्ग, ‘५०’ म्हणजे सरासरी ५० न्यूटन रेटा आणि ‘६’ म्हणजे इंधन संपल्यावर पॅराशूट बाहेर पडेपर्यंतचे सहा सेकंद. हे सेकंद मोजणारा विलंब-घटक आणि पॅराशूट ढकलणारी चिमूटभर काळी दारू या दोघांचेही वय झालेले आहे. विलंब लांबला किंवा दारू दमट निघाली, तर इंधन उत्तम जळूनही रॉकेट नाक खाली करून जमिनीवर आदळते. ज्यांच्याकडे पुन्हा भरता येणाऱ्या मोटरींचे जुने संच आहेत त्यांनी ओ-रिंगही (सांधे बंद करणारी रबरी कडी) तपासाव्यात. वाकवल्यावर भेगा दिसल्या तर तो संच वापरू नये, कारण त्या भेगांतून तप्त वायू निसटतो.

मोटर उडवायचीच असेल तर तिचे नाव संस्थेच्या प्रमाणित मोटरींच्या यादीत अजून आहे का, हे प्रथम पाहावे. उत्पादन थांबलेल्या मोटरींचे प्रमाणन कायमचे राहत नाही. नाव असेल आणि मोटर कोरड्या, बंद पाकिटात राहिलेली असेल, तर क्लबच्या मैदानावर, सुरक्षा अधिकाऱ्याला तिचे वय सांगून, हलक्या आणि जाड पुठ्ठ्याच्या रॉकेटमध्ये एकच मोटर वापरून पाहावी. मुलीने स्वतः रंगवलेले रॉकेट त्यासाठी घेऊ नये. इग्नायटर (मोटर पेटवणारी विजेची वात) नवा घ्यावा आणि तो पोकळीच्या वरच्या टोकाला टेकेपर्यंत आत सरकवावा, कारण कंपोझिट मोटर वरच्या टोकाकडून पेटवावी लागते. या वर्गासाठी किमान ३० फुटांचे अंतर सांगितलेले आहे. जुन्या मोटरीसाठी त्याहून बरेच जास्त ठेवावे. मोटर पेटली नाही तर प्रक्षेपणाच्या बटणपेटीतली सुरक्षा किल्ली काढून पूर्ण ६० सेकंद थांबावे, त्याआधी कोणीही जवळ जाऊ नये. काही बिघाड झाल्यास सदोष मोटरींच्या नोंदीसाठी असलेला अर्ज अवश्य भरावा. कोणत्या वयाच्या मोटरी दगा देतात हे इतरांना त्यातूनच कळते.

उरलेल्या मोटरी कचऱ्यात टाकू नयेत. कंपोझिट मोटर पाण्यात भिजत ठेवणेही योग्य नाही, कारण रबर विरघळत नाही, परक्लोरेट मात्र पाण्यात उतरते, आणि ते थायरॉइडला अपायकारक आहे. उत्पादकाला किंवा स्थानिक अग्निशमन दलाला विचारावे.

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेहून पुण्याला येणार आहे. अशा एक-दोन मोटरी त्याने बॅगेत आणल्या तर चालतील का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : नाही. रॉकेट मोटर हातातल्या किंवा विमानात चढवायच्या, कोणत्याच सामानात ठेवता येत नाही. भारतात स्फोटक पदार्थांच्या परवान्यांचे काम पाहणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय नागपूरला आहे. आयातीविषयी विचारणा तिथे लेखी करावी. भाच्याला रॉकेटचे नुसते सुटे भाग आणायला सांगावे : पुठ्ठ्याची नळी, पंख आणि पॅराशूट.