स्थानिक मालावरचे उपनगरी हॉटेल : आधी कोठी, मग मेनू

तुम्ही विचारले आहे की बदलापूर-अंबरनाथ पट्ट्यात, मोठ्या साखळी हॉटेलांच्या गर्दीत, मुख्यतः ठाणे, रायगड आणि पालघर जिल्ह्यांतल्या मालावर स्वयंपाक करणारे स्वतःच्या मालकीचे छोटे हॉटेल चालेल का. माल नियमित कसा मिळवावा. परवान्यांची अडचण येते का. आणि येत्या पावसाळ्यात रानभाज्यांपासूनच सुरुवात करावी का. मी याच रेल्वेमार्गावर बरीच वर्षे अशाच प्रकारचे हॉटेल चालवत आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

हॉटेल चालेल. मात्र असे हॉटेल रोजच्या ताज्या भाजीवर उभे राहील, ही अपेक्षा सुरुवातीलाच बाजूला ठेवावी. ते वर्षाच्या बेगमीवर उभे राहते. आपल्या आज्या उन्हाळ्यात जी तयारी करत असत, तीच तयारी व्यवसायाच्या मापाने करणे हे या हॉटेलचे खरे काम आहे. पहाटे बाजारात जाऊन टोपलीभर भाजी आणणे हा त्यातला लहान भाग आहे. आपल्या भागात पावसाळी भात हे मुख्य पीक, आणि तो निघाल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर येणारा कडवा वाल हे दुसरे. भाजीपाला बाराही महिने पिकेल असे पाणी बहुतेक गावांत नाही. त्यामुळे मार्च ते मे या काळात ताजा स्थानिक माल आटतो. कोठी भरलेली नसेल तर नेमके तेव्हा तुमच्या ताटात वाशीच्या घाऊक बाजारातली फुलकोबी येऊन बसते.

तांदळापासून सुरुवात करा, कारण गिऱ्हाईक सर्वात जास्त तोच खाते. वाडा कोलमला भौगोलिक मानांकन आहे, त्याचा भात हलका आणि मोकळा होतो, आणि शक्य असल्यास तोच घ्यावा. पण त्याचे उत्पन्न कमी आणि क्षेत्र मर्यादित असल्यामुळे बाजारात त्या नावाने विकला जाणारा सगळा तांदूळ वाडा तालुक्यातला नसतो. पोत्यावरचे नाव पाहून खरेदी करू नका. शेतकरी किंवा तिथली गिरणी गाठा आणि शक्यतो तांदूळ न घेता भातच घ्या. भात सालासकट असल्यामुळे त्याला कीड उशिरा लागते, आणि लागेल तसा तो भरडून आणता येतो. क्विंटलभर भातातून वाणाप्रमाणे आणि गिरणीप्रमाणे साधारण 60 ते 65 किलो तांदूळ हाती येतो, हे धरूनच भावाचा हिशेब करावा. कोलम परवडत नसेल तर कर्जतच्या कृषी संशोधन केंद्रातून निघालेली वाणे मुरबाड-कर्जत भागात सगळीकडे आहेत. त्यांत कमीपणा मानण्याचे काही कारण नाही. दिवाळीनंतर आलेला नवा तांदूळ घावन-मोदकांना उत्तम, पण ताटातल्या भाताला तो चिकट होतो. म्हणून पहिल्या वर्षी थोडा जुना भात मिळवावाच लागेल.

वालाची खरेदी फेब्रुवारी-मार्चमध्ये होते. कडवा वाल कडक उन्हात वाळवून, एरंडेलाचा हात फिरवून, घट्ट झाकणाच्या पिंपात भरला की वर्षभर टिकतो, आणि डाळिंब्यांची, म्हणजे मोड आणून सोललेल्या वालांची, उसळ हा तुमच्या मेनूचा असा पदार्थ होतो की ज्याला ऋतूची अडचण नाही. भिजवणे, मोड आणणे आणि सोलणे यांत मात्र दोन-अडीच दिवस जातात. त्यामुळे शनिवारच्या रात्रीसाठी वाल गुरुवारी सकाळी भिजत पडले पाहिजेत. माझ्या स्वयंपाकघरात सोललेल्या वालांची परात हे आठवड्याचे वेळापत्रक ठरवते. नाचणी आणि वरई जव्हार-मोखाड्याकडून येते. सुके बोंबील, जवळा आणि सोडे एप्रिल-मेमध्ये, ऊन कडक असताना घ्यावेत. जून-जुलैत यांत्रिक नौकांना समुद्रात मासेमारीची बंदी असते. त्या काळात बाजारात दिसणारे पापलेट आणि सुरमई बहुधा शीतगृहातली किंवा पूर्व किनाऱ्यावरची असते. तिकडची बंदी 14 जूनला संपते, म्हणून तो माल इकडे येतो. तो विकायचा असेल तर विकावा, पण त्याला स्थानिक म्हणू नये. त्या दोन महिन्यांत सोड्याचे कालवण आणि तांदळाची भाकरी हेच आपल्या भागाचे खरे जेवण आहे, आणि गिऱ्हाईक ते आवडीने खाते, हे मी खात्रीने सांगतो.

या पद्धतीत पैसा अडकतो, आणि अडचण म्हणतात ती हीच आहे. भात, वाल, मसाला, कोकम आणि सुके मासे यांत जी रक्कम जाते ती हळूहळू, पुढच्या आठ-दहा महिन्यांत सुटते. सजावटीवर खर्च करण्याआधी कोठीसाठी भांडवल वेगळे काढून ठेवा. कर्जाचे हप्ते आणि वर्षाची खरेदी एकाच महिन्यात आली तर मालक पहिल्यांदा कोठीलाच कात्री लावतो, आणि मग वर्षभर किरकोळ भावाने माल घेत राहतो. अशा रीतीने बंद पडलेली हॉटेले मी पाहिली आहेत. त्यांचे जेवण चांगले होते.

आता रानभाज्या. त्यांचे आकर्षण मला समजते, कारण मलाही त्या मनापासून प्रिय आहेत. पहिल्या पावसानंतर कल्याण, बदलापूर, कर्जत स्थानकांबाहेर कातकरी आणि ठाकर बायका शेवळे, टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी घेऊन बसतात, पुढे करटोली येतात. पण प्रत्येक भाजी दोन-चार आठवड्यांची पाहुणी असते, आणि प्रत्येकीची रीत वेगळी असते. शेवळाचे उदाहरण घ्या. हाताला तेल लावून कोंबाचे बाहेरचे आवरण काढायचे, आतल्या दांड्याचा पिवळा भाग काढून टाकायचा, कारण खाज त्यात जास्त. उरलेला भाग बारीक चिरून तेलावर चांगला परतायचा आणि काकडाच्या आंबट फळांचा रस किंवा चिंचेचा कोळ घालून पुरेसा शिजवायचा. शेवळे विकणाऱ्या बाईकडेच काकडे असतात. ती वेगळी मागून घ्यावी लागतात. आंबट कमी पडले किंवा शिजवण्यात घाई झाली तर खाणाऱ्याचा घसा धरतो, आणि ते गिऱ्हाईक पुन्हा येत नाही. कोलंबी किंवा खिमा घालून केलेली शेवळाची भाजी ज्याने एकदा खाल्ली तो दरवर्षी जूनमध्ये फोन करून विचारतो, हेही तितकेच खरे. नवख्या आचाऱ्याच्या हाती मात्र ही भाजी पहिल्याच वर्षी देऊ नका.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. शेवळाचा कोंब म्हणजे त्या झाडाचा फुलोरा आहे. तो खुडला की त्या वर्षी त्याला बी धरत नाही. हॉटेलांनी रोज पाट्याच्या पाट्या मागितल्या तर डोंगरउतारावरची शेवळे विरळ होत जाणार. म्हणून मी ती फक्त शनिवार-रविवारी करतो आणि बाई जेवढी आणेल तेवढ्यावरच थांबतो. जास्त आणण्याचा आग्रह तुम्हीही करू नका. टाकळ्याचे तसे नाही. तो रस्त्याच्या कडेलाही भरपूर उगवतो. मात्र रस्त्याच्या कडेचा टाकळा स्वयंपाकाला घेऊ नये.

यावरून जवळचे आणि चांगले यांतल्या फरकाविषयी लिहिणे भाग आहे. मुंबईच्या उपनगरांत रेल्वेमार्गालगत नाल्याच्या पाण्यावर पालेभाज्या पिकवल्या जातात. त्या तुमच्या दारापासून अगदी जवळच्या असतील, तरी त्या घेऊ नयेत. खाडीच्या ज्या भागात कारखान्यांचे सांडपाणी येते तिथल्या मासळीलाही हाच नियम लावा. पुरवठादाराचे शेत आणि त्याची विहीर स्वतः पाहून या. पाहिल्याशिवाय स्थानिक हा शब्द फळ्यावर लिहू नका, आणि सेंद्रिय हा शब्द तर प्रमाणपत्र हाती असल्याशिवाय मुळीच लिहू नका. त्यासाठी 2017 पासून स्वतंत्र नियम आहेत. शंभर टक्के स्थानिक असाही दावा नको. तेल, तूरडाळ, कांदा, बहुतेक मिरची हे सगळे आपल्याकडे बाहेरून येते, आणि त्यात लपवण्यासारखे काही नाही. मी फळ्यावर तांदूळ कोणत्या गावचा, वाल कोणत्या गावचा, एवढेच लिहितो. लोक ते वाचतात आणि त्या गावाविषयी विचारतात. त्यांतले कित्येक जण त्याच तालुक्यातून इकडे राहायला आलेले असतात.

पुरवठा टिकवण्याचा माझा नियम एकच आहे : माल उतरला की पैसे हातावर. मोठा व्यापारी पंधरवड्याची उधारी सोसू शकतो. डोक्यावर पाटी घेऊन पहिल्या लोकलने आलेली बाई ती सोसू शकत नाही, आणि तिने ती सोसावी अशी अपेक्षा धरणे मला योग्य वाटत नाही. घासाघीस न करता पाटीतला सगळा माल उचललात तर ती दुसऱ्या दिवशी आधी तुमच्या दाराशी येते, हा माझा अनुभव आहे. शेतकऱ्याशी वागतानाही, भाव पडला म्हणून ठरलेला माल नाकारू नका. एका हंगामात तसे केले की पुढच्या हंगामात तो तुमचा फोन उचलत नाही. दोन गावांतले निदान दोन-दोन शेतकरी जोडलेले असावेत, कारण अवकाळी पाऊस एका गावाचा वाल झोपवून जातो तेव्हा शेजारचे गाव बचावलेले असू शकते.

परवान्यांची अडचण तुम्हाला वाटते तेवढी नाही. राज्यात 2016 पासून फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त आहे, त्यामुळे शेतकऱ्याकडून थेट खरेदी करता येते. अन्न सुरक्षा आणि मानके कायद्यातून शेतकरी आणि मासेमार यांना त्यांच्या मूळ मालापुरते वगळले आहे. मात्र मसाला, पापड, लोणचे अशा तयार वस्तू बचत गटाकडून घेत असाल तर गटाची नोंदणी पाहून घ्या. तुमच्या हॉटेलला उलाढालीनुसार नोंदणी किंवा परवाना लागेल, आणि त्याचा क्रमांक बिलावर छापावा लागेल. शेतकरी जीएसटीचे बिल देत नाही याची चिंता करू नका. तुमच्यासारख्या साध्या हॉटेलला 5 टक्के दराने कर भरताना खरेदीवरच्या कराची वजावट मुळातच मिळत नाही. फक्त तारीख, गाव, वजन आणि रक्कम यांची खरेदीवही रोजच्या रोज लिहा. कुणाचे पोट बिघडले तर माल कुठून आला हे त्याच वहीवरून कळते.

राहिला गिऱ्हाइकाचा प्रश्न. उपनगरात सोमवार ते शुक्रवार दुपारी माणसे मुंबईत असतात, आणि रात्री साडेआठनंतर घरी परतणाऱ्यांना चमचमीत ताटापेक्षा घरी न्यायची भाकरी-उसळ हवी असते. तुमचा खरा धंदा शनिवार रात्र आणि रविवार दुपार यांवर आहे. मेनूत सात-आठ पदार्थ कोठीच्या बळावर कायमचे ठेवा आणि दोन फळ्यावर रोज बदलणारे. पनीर मागणारे येतील, मुलांसाठी तर नक्कीच. मी पनीर ठेवत नाही, पण लहान मुलांसाठी घावन, गूळ आणि तूप नेहमी तयार असते, आणि त्यामुळे कुटुंब उठून गेले असे क्वचितच घडले आहे. डिलिव्हरी ॲपवर सुरुवातीला जाऊ नका. त्यांची दलाली द्यायची तर भाव वाढवावे लागतात, आणि तांदळाची भाकरी अर्ध्या तासाने खाण्यासारखी राहत नाही.

म्हणून येत्या जूनमध्ये पूर्ण वेळ सुरू करण्याच्या बेताला माझा विरोध आहे. तुमच्याकडे त्या वेळी ना भात असेल ना वाल. या पावसाळ्यात फक्त माणसे जोडा, रानभाज्या घरी करून पाहा, आचाऱ्याला शिकवा. दिवाळीनंतर भात भरा आणि मिळेल तेवढ्या जुन्या भातावर शनिवार-रविवारपुरते दार उघडा. फेब्रुवारी-मार्चमध्ये वाल, मेअखेरपर्यंत मसाला, कोकम आणि सुके मासे आत येऊ द्या, आणि पुढच्या मृगाच्या सुमारास आठवडाभर सुरू करा. जागा तळमजल्यावर आहे का, भिंतींना ओल येते का आणि पिंपे ठेवायला किती जागा सुटते, एवढे कळवलेत तर पहिल्या वर्षी किती क्विंटल भात भरावा याचा अंदाज मी लिहून देईन.